मेंटल हेल्थ नर्सिंगच्या डिग्रीत 'खरं नर्सिंग' असतं का आणि अभ्यास नेमका कशाचा करायचा?

तुझा प्रश्न नीट वाचला. मेंटल हेल्थ नर्सिंगच्या डिग्रीला ॲडमिशन झालीय, ओळखीचे लोक म्हणतायत यात खरं नर्सिंग नसतं, नुसतं पेशंटशी बोलत बसायचं, हातातलं स्किल जाईल. प्लेसमेंटची, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष शिकाऊ कामाची, धास्ती आहे, अभ्यास कुठून सुरू करावा कळत नाही, आणि अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंयस की तुला स्वतःला काही वर्षांपूर्वी डिप्रेशनची ट्रीटमेंट चालू होती, ते आड येईल का. मी बरीच वर्षं ॲक्यूट वॉर्डात काम केलंय आणि आता प्लेसमेंटवर येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवते, त्यामुळे सविस्तरच लिहिते, लांबेल जरा.

आधी ते 'नुसतं बोलायचं' वालं घेऊ. या डिग्रीत तू मुळात एकच गोष्ट शिकणार आहेस, माणसाकडे नीट बघायचं आणि जे दिसलं ते तसंच्या तसं सांगायचं. औषधं, कायदा, थेरपी, रिस्क असेसमेंट हे सगळं त्याच्यावर उभं आहे. कारण डिप्रेशन किंवा स्किझोफ्रेनिया एक्स-रेत दिसत नाही, रक्तात सापडत नाही. रक्त, थायरॉइड, स्कॅन हे करतात ते दुसरं काही शारीरिक कारण नाही ना हे बघायला. निदान होतं ते पेशंट काय सांगतो, कसं सांगतो आणि दिवसभरात कसा वागतो त्यावरून. डॉक्टर राउंडला थोडा वेळ असतात, बाकी सगळा वेळ, रात्री अडीच वाजता तो जागा आहे की झोपलाय यासकट, नर्सच्या नजरेत असतो. तुझी नजर कच्ची असेल तर टीमच्या हातात चुकीची माहिती जाते आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर होतात.

हे शिकवायला मेंटल स्टेट एक्झामिनेशन असतं, वॉर्डात सगळे एमएसई म्हणतात. दिसणं आणि वागणं, बोलणं, मूड, अफेक्ट, विचारांची मांडणी, विचारांमधला मजकूर, भास, ओरिएंटेशन (वेळ-जागा-माणसांचं भान) आणि स्मरण वगैरे, इनसाइट (आपल्याला आजार आहे याची जाण) आणि जजमेंट. मूड म्हणजे पेशंट स्वतः काय म्हणतो ते आणि अफेक्ट म्हणजे तुला चेहऱ्यावर, आवाजात काय दिसतं ते, आणि दोन्ही जुळत नसतील तर ते न जुळणं ही स्वतःच एक नोंद आहे. पहिल्या वर्षी मुलं हे हेडिंग पाठ करतात आणि समोर माणूस आला की फॉर्म भरल्यासारखं विचारत सुटतात. खरं तर अर्धी एमएसई एकही प्रश्न न विचारता होते. केस विंचरलेत का, उन्हाळ्यात तीन शर्ट घातलेत का, तू खुर्ची दाखवल्यावर बसायला किती वेळ लागला, मध्येच बोलणं थांबवून कोपऱ्याकडे बघितलं का.

आता नोट्स कशा लिहायच्या ते बघ, कारण इथेच सगळ्यात जास्त फरक पडतो. विद्यार्थी लिहितात, 'पेशंट दुपारी ॲग्रेसिव्ह होता.' याच्यातून मला काहीच कळत नाही, मारलं, ओरडला, की नुसता रागाने बघत होता? तीच नोंद अशी लिही: 'दुपारच्या जेवणाला ताट पुढे सरकवलं, मोठ्या आवाजात मला घरी सोडा असं दोन-तीनदा म्हणाले, कुणाच्या अंगावर गेले नाहीत, वस्तू फेकली नाही, बायकोचा फोन आला नाही म्हणून काळजी वाटतेय असं विचारल्यावर सांगितलं, फोन लावून दिल्यावर दहा मिनिटांत शांत, उरलेलं जेवण केलं.' पहिल्या नोंदीवरून रात्रीच्या ड्युटीचा माणूस घाबरूनच त्याच्या खोलीत जाईल, कदाचित गरजेच्या औषधाचा डोसही तयार ठेवेल. दुसरीवरून तो आधी विचारेल, घरी फोन झाला का आज? लेबल लिहू नकोस, घडलं ते लिही, आणि पेशंटचे शब्द त्याच्याच शब्दांत लिही. 'मॅनिप्युलेटिव्ह', 'अटेन्शन सीकिंग', 'डिफिकल्ट' हे शब्द तर कधीच लिहू नकोस, एकदा फाइलमध्ये गेले की वर्षानुवर्षं त्या माणसाच्या मागे फिरतात आणि खरं दुखणं घेऊन आला तरी कुणी विश्वास ठेवत नाही.

आणि बोलणं. हिल्डेगार्ड पेप्लाउ या अमेरिकन नर्सचं नाव तुला पहिल्या सेमिस्टरमध्येच भेटेल, १९५२ मध्ये त्यांनी मांडलं की नर्स आणि पेशंटमधलं नातं हेच नर्सिंगचं साधन आहे आणि त्या नात्याला टप्पे असतात, ओळख होण्यापासून ते नीट निरोप घेण्यापर्यंत. परीक्षेसाठी टप्पे पाठ होतात पण त्यातलं शेवटचं, निरोपाचं, मुलं विसरतात. सहा आठवडे एखाद्याशी रोज बोलायचं आणि प्लेसमेंट संपली की एक दिवस नुसतं यायचं बंद करायचं, ज्याला आयुष्यात आधीच खूप जण न सांगता सोडून गेलेत त्याला हे फार लागतं. आठवडाभर आधीपासून सांग की मी अमक्या तारखेपर्यंत आहे, नंतर तुमची नर्स कोण असेल, काय काम आपण एकत्र केलं.

भास होणाऱ्या माणसाशी काय बोलायचं ही सगळ्यांची भीती असते. वाद घालायचा नाही, हो ला हो पण करायचं नाही. 'मला तो आवाज ऐकू येत नाहीये, पण तुम्हाला येतोय आणि त्याचा त्रास होतोय हे दिसतंय मला' एवढं पुरतं सुरुवातीला. मग विचारायचं, आवाज काय म्हणतोय, कुणाचा वाटतो, काही करायला सांगतो का, आणि सांगितलेलं न करणं जमतं का. शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे, कारण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर असं आवाज सांगत असेल आणि त्याला विरोध करणं जमत नसेल तर ते लगेच टीमला कळायला हवं. आणि गप्प बसायलाही शिक. डिप्रेशनमधल्या माणसाला उत्तर द्यायला वेळ लागतो, विचारच हळू चाललेले असतात, तू दोन सेकंदांत दुसरा प्रश्न टाकलास तर पहिल्याचं उत्तर कधीच मिळणार नाही.

आता 'हातातलं स्किल जाईल' त्याबद्दल, आणि इथे मी जरा जोरातच बोलणार आहे. गंभीर मानसिक आजार असलेले लोक बाकीच्यांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर मरतात, जागतिक आरोग्य संघटना हे सांगत आलीय, आणि त्यातले बरेचसे मृत्यू हृदयविकार, डायबेटिस, श्वसनाचे आजार, इन्फेक्शन यांसारख्या शारीरिक आजारांनी होतात. छातीत दुखतंय म्हणाला तर 'एंग्झायटी असेल' म्हणून सोडून दिलं जातं, आणि आपली काही औषधंच वजन आणि साखर वाढवतात. त्यामुळे बीपी, साखर, ईसीजी, वजन-कंबर, हे सगळं तुझंच काम आहे, आणि शारीरिक बिघाड ओळखणारी त्या वॉर्डात बऱ्याच वेळा तू एकटीच असशील. ज्यांना वाटतं यात खरं नर्सिंग नाही त्यांना लिथियम घेणाऱ्या पेशंटजवळ एक दिवस उभं करायला हवं.

लिथियमचंच सांगते. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या मानसोपचारतज्ज्ञांनी मॅनियासाठी, म्हणजे मूड अतोनात चढलेल्या अवस्थेसाठी, ते वापरून दाखवलं, आजही बायपोलरमधलं ते अतिशय मोलाचं औषध आहे, पण उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांच्यात अंतर फार कमी. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० mmol/L च्या मधे ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेची चिन्हं दिसायला लागतात, आणि सँपल शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं असतं. आता पेशंटला जुलाब झाले, किंवा कडक उन्हात पाणी कमी प्यायला, किंवा गुडघा दुखतो म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन आणून खाल्लं, तर पातळी वर जाते. सकाळी तो जरा अडखळत चालतोय, हात आधीपेक्षा जास्त आणि जाडसर थरथरतोय, बोलणं जड येतंय, उलटी झाली. बारीक थरथर लिथियमवर नेहमीची असते, ही वेगळी. हा फरक ज्या नर्सने कालचा हात बघितलाय तिलाच कळणार. तिथे डोस थांबवून ताबडतोब डॉक्टरला बोलवायचं आणि पातळी पाठवायची, 'आज जरा सुस्त आहे' लिहून पुढे जायचं नाही.

क्लोझापिन, म्हणजे स्किझोफ्रेनियात बाकीच्या औषधांनी फरक पडला नाही की देतात ते औषध, तसंच. पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात म्हणून नियमित रक्ततपासणी, आणि घसा दुखतोय, ताप आहे म्हटलं की त्याच दिवशी काउंट. ते सगळ्यांना पाठ असतं. बद्धकोष्ठता मात्र कुणी विचारत नाही, आणि क्लोझापिनवर आतडी इतकी मंदावू शकतात की माणूस दगावतो. म्हणून 'शौचाला कधी झालं' हा प्रश्न रोज. आणखी एक, सिगरेटच्या धुरामुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम वाढतं आणि क्लोझापिन लवकर संपतं, त्यामुळे रोज भरपूर ओढणारा पेशंट ॲडमिट होऊन अचानक सिगरेट बंद झाली की तोच डोस जास्त पडायला लागतो, गुंगी, लाळ, फिट्ससुद्धा. आणि ४८ तासांपेक्षा जास्त डोस चुकले तर पुन्हा पूर्ण डोस द्यायचा नाही, अगदी कमीपासून सुरू करावं लागतं.

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे ॲकाथिसिया. अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमावरचं औषध, सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर पेशंट येरझाऱ्या घालतो, बसला की पाय हलवत राहतो, उठतो, परत बसतो, चिडतो. बघणाऱ्याला वाटतं आजार वाढलाय, म्हणून आणखी अँटिसायकोटिक दिलं जातं, आणि त्याने ते आणखी वाढतं. विचारायचं एवढंच, 'आतून अशी बेचैनी आहे का की हललंच पाहिजे असं वाटतंय, की मनात कसली काळजी आहे?' बरेच पेशंट लगेच सांगतात, पाय स्वस्थ राहत नाहीत. हा त्रास इतका असह्य असतो की त्यातून आत्महत्येचे विचार येऊ शकतात, म्हणून ही 'किरकोळ साइड इफेक्ट' वाली गोष्ट नाही. मान एका बाजूला वळून अडकणं किंवा डोळे वर जाऊन राहणं म्हणजे डिस्टोनिया, बघायला भयंकर, पण योग्य इंजेक्शनने काही मिनिटांत सुटतो, पेशंटचा हात धरून तेवढं सांगत राहा. आणि ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम, बीपी वरखाली, भान हरपलेलं असं एकत्र दिसलं तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम, याच औषधांचा जिवावर बेतणारा दुष्परिणाम, इमर्जन्सी, औषध थांबव आणि धावत जाऊन डॉक्टरला बोलाव.

म्हातारं माणूस एका रात्रीत गोंधळलं, संध्याकाळी जास्त, सकाळी बरं, भिंतीवर किडे दिसतायत, तर आधी डिलिरियम, म्हणजे शारीरिक कारणाने अचानक आलेला गोंधळ, समजायचं आणि इन्फेक्शन, लघवी अडकणं, नवीन औषधं बघायची. रोज पिणारा माणूस ॲडमिट झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरायला, भास व्हायला लागले तर तेही शारीरिकच, दारू अचानक बंद झाल्याचं, आणि जीव जाऊ शकतो. थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी१, वेळेवर गेलं पाहिजे. म्हणून फार्माकोलॉजी आणि फिजिऑलॉजीचे पेपर 'पास होण्यापुरते' करू नकोस.

अँटिडिप्रेसंटबद्दल एक, मूड सुधारायला २ ते ४ आठवडे जातात, कधी जास्त, आणि सुरुवातीला काही जणांमध्ये मन तसंच अंधारलेलं असतं पण हालचाल करण्याची ताकद आधी परत येते. त्या काळात 'आता बरा दिसतोय' म्हणून लक्ष कमी करायचं नाही, उलट वाढवायचं, तरुण पेशंटमध्ये तर नक्कीच.

त्यावरूनच आत्महत्येबद्दल. सरळ विचारायचं. 'जगू नये असं वाटतं का? स्वतःला संपवण्याचे विचार येतात का?' विचारल्याने डोक्यात कल्पना घातली जाते ही समजूत चुकीची आहे, अभ्यासांतही तसं दिसलेलं नाही, आणि प्रत्यक्षात बहुतेक माणसं सुटल्यासारखा श्वास सोडतात की कुणीतरी विचारलं. मग पुढे विचारायचं, विचार किती वेळा, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आत्तापर्यंत कशाने थांबलात. हे प्रश्न आरशासमोर मोठ्याने म्हणून बघ, खरंच, कारण पहिल्यांदा तोंडातून निघत नाहीत, आणि तू अडखळलीस की समोरच्याला कळतं की हिला उत्तर ऐकायचं नाहीये. 'मी काही करणार नाही' असं लिहून घेण्यावर कधी भिस्त ठेवू नकोस, त्यापेक्षा पेशंटसोबत बसून सेफ्टी प्लॅन करायचा: धोक्याची खूण काय, मी स्वतः काय करेन, कुणाला फोन करेन, घरातलं साधन कोण दूर ठेवेल.

प्लेसमेंटची धास्ती. मारहाणीची भीती असेल तर एवढं लक्षात घे की आपल्या बहुतेक पेशंटकडून कुणाला धोका नसतो, ते स्वतःच जास्त घाबरलेले असतात. तरी ॲक्यूट वॉर्डात प्रसंग येतात, ते खोटं सांगणार नाही. दाराजवळची बाजू आपल्याकडे ठेवायची, हात उघडे आणि दिसतील असे, आवाज खाली, एका वेळी एकाच माणसाने बोलायचं, आणि आपण कुठे आहोत ते सहकाऱ्याला माहीत पाहिजे. पण खरं काम त्याच्या आधीचं असतं. लंडनमध्ये सायकियाट्रिक नर्सिंगचे प्राध्यापक लेन बाउअर्स आणि त्यांच्या टीमने सेफवॉर्ड्स नावाचं मॉडेल तयार केलं, त्यात अगदी साध्या दहा गोष्टी आहेत, नकार देताना शब्द मऊ वापरणं, वाईट बातमी मिळालीय का याचा आधीच अंदाज घेणं, हँडओव्हरमध्ये प्रत्येक पेशंटबद्दल एक तरी चांगली गोष्ट सांगणं. २०१५ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या चाचणीत वॉर्डातल्या संघर्षाच्या घटना साधारण १५ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि पेशंटला धरणं, कोंडणं, जबरदस्तीचं औषध असले प्रकार साधारण एक चतुर्थांशाने. माणसाला धरून ठेवायची वेळ आलीच तर एक जण फक्त चेहरा आणि श्वास बघायला हवाच, पालथं दाबून ठेवल्यामुळे श्वास कोंडून लोक मेलेत.

सीमा पाळणं पण तिथेच शिकशील. फोन नंबर द्यायचा नाही, सोशल मीडियावर रिक्वेस्ट स्वीकारायची नाही, आणि 'हे फक्त तुलाच सांगतोय, कुणाला सांगू नको' असं कुणी म्हटलं तर ऐकायच्या आधीच सांगायचं की सुरक्षिततेची गोष्ट असेल तर मला टीमला सांगावंच लागेल. एखादा पेशंट फार आवडायला लागला किंवा एखाद्याचा खूप राग यायला लागला, दोन्ही सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे सिनियरसोबतच्या ठरलेल्या बैठकीत, बोल. त्यात लाज काही नाही, तो माणूस तुझ्यात काय जागं करतोय ही क्लिनिकल माहितीच असते.

कोर्सची रचना देशागणिक वेगळी, त्यात फार जात नाही. ब्रिटनमध्ये मेंटल हेल्थ ही सुरुवातीपासूनची वेगळी शाखा आहे आणि डिग्री तीन वर्षांची, भारतासारख्या ठिकाणी आधी चार वर्षांची जनरल नर्सिंगची पदवी आणि मग एमएस्सीला सायकियाट्रिक स्पेशलायझेशन. पण सक्तीने दाखल करण्याचा कायदा तू शिकशील तिथला तोंडपाठ पाहिजे: कुणाच्या सहीने, किती दिवस, अपील कुठे. पेशंटला त्याचे हक्क समजावून सांगणं, आणि आज नाही समजलं तर उद्या परत सांगणं, नर्सचं काम आहे.

अभ्यासाची पद्धत म्हणशील तर डिसऑर्डरच्या याद्या पाठ करत बसू नकोस. प्लेसमेंटवर भेटलेला एक पेशंट घे, नाव-गाव काढून टाक, आणि त्याच्याभोवती वाच: त्याचं औषध कसं चालतं, त्याच्यावर कुठला कायदा लागला, घरच्यांना काय वाटतं, डिस्चार्जनंतर काय होणार. रोज पाच ओळी तरी लिही, त्यातल्या तीन नुसत्या काय दिसलं त्याच्या आणि दोन मला काय वाटलं त्याच्या, दोन्ही वेगळ्या ठेवायच्या. आणि घरच्या माणसांशी बोल, पेशंटच्या आईला, नवऱ्याला पहिली खूण काय होती ते बहुतेक वेळा कुणाहीपेक्षा आधी कळलेलं असतं.

आता तुझी ती शेवटची ओळ, जी बहुतेक खरा प्रश्न होता. डिप्रेशन झालं होतं म्हणून तू या कामाला नालायक ठरत नाहीस. माझ्यासोबतच्या उत्तम नर्सेसपैकी कितीतरी जणींनी स्वतः ट्रीटमेंट घेतलीय. तुझा अनुभव तुला एक गोष्ट देईल, गोळी घ्यावीशी न वाटणं म्हणजे काय ते तुला कुणी शिकवावं लागणार नाही. पण 'मलापण असंच व्हायचं' हे पेशंटला सांगायची घाई करू नकोस, तो मग तुझी काळजी करायला लागतो, आणि त्याचं डिप्रेशन तुझ्यासारखं नसतंच. औषध चालू असेल तर कोर्स सुरू झाला म्हणून बंद करू नकोस, पहिल्या टर्ममध्ये तर नाहीच. आपला डॉक्टर किंवा थेरपिस्ट आधीच ठरवून ठेव, कॉलेजमधल्या मैत्रिणी किंवा वॉर्डातली सिस्टर ही तुझी थेरपिस्ट नाही. आरोग्याचा फॉर्म भरताना खरं लिही, सवलती त्याच्यावरच मिळतात. आणि नाइट ड्युटीचं बघ, झोप मोडली की मूड घसरतो हे तुला माहीत असेलच, सलग किती रात्री झेपतात ते प्लेसमेंटच्या समन्वयकांशी कोर्सच्या पहिल्याच महिन्यात बोलून घे, रोस्टर लागल्यावर बदलून मिळणं फार अवघड असतं.